आधी धूर बघा, मग इंजिन खोला

आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितो. टोमॅटोचा पैसा थोडा औषधात जातो, थोडा मजुरीत, आणि उरला तर गॅरेजात.

माझी पिकअप 2011 ची. दोन वर्षांपूर्वी 60 क्रेट भरून संगमनेरकडून नारायणगावला निघालो. चंदनापुरी घाट चढताना मागं एवढा काळा धूर निघाला की आरशात रस्ता दिसेना. गाडी ओढत पण नव्हती. दुसऱ्या दिवशी गॅरेजात नेली. फिटरनं दोनदा रेस दिली आन् म्हणाला, "काका, इंजिनचं काम निघालं." मी काही विचारलं नाही, मान हलवली. ठिबकासाठी ठेवलेले 62 हजार गेले. रिंगा, लायनर, सगळं नवं बसलं. पुढच्याच खेपेला त्याच घाटात तोच काळा धूर!

मग एका जुन्या फिटरकडं गेलो. त्यानं पान्याला हात लावायच्या आधी तीन प्रश्न विचारले. रंग कोणता? कधी येतो? ऑइल-पाणी कमी होतं का? मी सांगितलं, काळा, भरलेली गाडी चढाला लागली की, आणि दोन्ही कमी होत नाही. त्यानं टर्बोकडून इंजिनकडं जाणारा रबरी पाइप चाचपला. खालच्या बाजूनं चिरलेला. उभ्या गाडीत चीर बंद राहायची, म्हणून गॅरेजात धूर दिसत नव्हता. लोडवर हवेचा दाब आला की ती उघडायची, हवा बाहेर जायची आणि डिझेल तेवढंच पडत राहायचं. पाइप अकराशे रुपयांत आला. घाटातला धूर बंद.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. धुराचा रंग मालकालाच ओळखता आला पाहिजे.

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. आधी एअर फिल्टर काढून बघा. आपल्या गाड्या कच्च्या रस्त्याच्या धुरळ्यात फिरतात, फिल्टर लवकर चोंदतो. मग टर्बोचे पाइप आणि क्लिपा. पाइपावर तेलकट ओल दिसली किंवा रेस देताना सूं-सूं आवाज आला, तर तिथंच हवा गळतेय. हे सगळं ठीक असेल तर नोझल आणि पंप तपासून घ्या.

निळसर धूर आणि जळक्या ऑइलचा वास, म्हणजे इंजिन ऑइल खातंय. ऑइल पट्टीच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त भरलंय का, ब्रीदरचा पाइप चोंदलाय का, हे पहिलं बघा. टर्बोच्या पाइपात ऑइल साचत असेल तर टर्बोचं सील तपासा. आणि गाडी चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं की भकाभका वाफा मारत असतील, तर मात्र रिंगा-लायनरचा संशय खरा.

पांढऱ्यात दोन प्रकार. थंडीत सकाळी चालू केल्यावर थोडा वेळ येतो, डोळे चुरचुरतात, तो न जळालेल्या डिझेलचा. हीटर असेल तर तो आणि नोझल बघा. पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नाही, गोडसर वास येतो आणि रेडिएटरचं पाणी कमी होतं, तेव्हा पाणी इंजिनात जातंय. हेड गॅसकेट गेल्याचं ते लक्षण. पट्टीवरचं ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं तर गाडी पुढं रेटू नका, टोचन करून न्या. आणि गरम रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका.

आता कोणी म्हणेल, फिटर लोक लुटतात. काही लुटतात, पण माझ्या 62 हजारांत निम्मी चूक माझी होती. पीक पिवळं पडलं तर आपण लगेच फवारा मारतो का? खालची पानं पिवळी का शेंड्याची, ते बघतो. खालची असली तर नत्र, शेंड्याची असून शिरा हिरव्या असल्या तर लोह. एवढं कळणारा माणूस गाडी मात्र गॅरेजात लावतो, "बघ रे काय झालंय" म्हणतो आणि चहाला जातो. फिटरला घाटातला धूर दिसलेलाच नसतो. मग तो अंदाजानं खोलणार, आणि एकदा खोललं की बिल होणारच.

म्हणून मी आता डॅशबोर्डात वही ठेवतो. ऑइल कधी किती टाकलं, पाणी किती घेतलं, किती लिटरला किती किलोमीटर पडले. धूर दिसला की शेजारी बसलेल्याला मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगतो. फिटरकडं गेलो की आधी वही, मग व्हिडिओ, मग चावी. इंजिन खोलायचंच म्हणाला तर, "आधी कॉम्प्रेशन तपासून आकडा दाखव," एवढंच म्हणतो.

ठिबक यंदाही राहिलंच. पण गाडी घाट चढतेय.