काचेतलं तळं आणि गावाचं तळं

मंडईत, कॉलेजच्या गेटवर, एकदा तर लग्नाच्या पंगतीत, गेल्या महिनाभरात चार-पाच जणांनी मला एकच प्रश्न विचारला. “बाई, तुमच्या त्या मासेवाल्या मंडळात नेमकं काय चालतं? मासे तळता की पाळता?” विचारणाऱ्यांत मराठी होते तसे कन्नड बोलणारेही होते. म्हणून आजचा लेख या मंडळाच्या वार्तापत्रासारखा समजा. त्यातला एक विषय मात्र पाळणाऱ्यांपुरता नाही, तुमच्या-आमच्या पिण्याच्या पाण्यापर्यंत पोचणारा आहे.

आमचं मंडळ म्हणजे बोर्ड लावलेली संस्था नव्हे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कोणा एकाच्या घरी जमायचं, त्याच्याकडचा टँक बघायचा, चहा-अवलक्की घ्यायची आणि माशांवर बोलायचं, एवढंच. बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, दातांच्या डॉक्टर एक वहिनी आहेत, उद्यमबागेतल्या कारखान्यातला एक फिटर आहे. टँकखालचे लोखंडी स्टँड सगळ्यांना तोच करून देतो. बाकी सगळी शाळा-कॉलेजची पोरं. मी मराठी शिकवते. माझा माशांशी संबंध मुलामुळे आला आणि मुलगा शिकायला बाहेरगावी गेल्यावर टँक माझ्या वाट्याला राहिला. बैठकीत वाक्य मराठीत सुरू होतं आणि कन्नडमध्ये संपतं. “मासा आजारी आहे” असं सांगून झालं की पुढचा प्रश्न येतो, “नीरु यावाग बदलसिदी?” आणि खरं म्हणजे तोच योग्य प्रश्न असतो. मासा आजारी पडतो त्याच्या आधी बहुतेक वेळा पाणी आजारी पडलेलं असतं.

परीक्षा संपल्यावर यंदा पाच नवी घरं मंडळात आली. सगळ्यांची तक्रार सारखीच होती : नवा टँक आणला, त्याच संध्याकाळी दहा मासे सोडले, आठवड्यात सहा गेले. दुकानदाराला शिव्या देण्याआधी हे समजून घ्यावं. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी. जुन्या टँकमध्ये फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर काही जिवाणू वस्तीला असतात. त्यांतले काही अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही घातकच, नायट्रेट मात्र बरंच सौम्य. नव्या टँकमध्ये ही वस्तीच नसते. ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

वहिनींनी हे नव्या मंडळींना फार छान सांगितलं. म्हणाल्या, “दुधात विरजण न घालता सकाळी दही मागाल तर मिळेल का?” आमच्याकडे खरोखरच विरजण देण्याची पद्धत आहे. ज्याचा टँक जुना आणि निरोगी, त्याने फिल्टरच्या स्पंजचा तुकडा नव्याला द्यायचा. त्याने वस्ती लवकर बसते. मग आधी दोन-तीन काटक मासे, बाकीचे हळूहळू. दर आठवड्याला साधारण चौथा हिस्सा पाणी बदलायचं, सगळं नाही. नळाचं पाणी क्लोरीनचं असतं. ते उघड्या बादलीत दिवसभर ठेवावं किंवा क्लोरीन मारणारं औषध घालावं. स्पंज नळाखाली खळखळून धुवायचा नाही, टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नाहीतर विरजण धुऊन गेलं म्हणून समजा.

गेल्या महिन्यात बोलायची पाळी माझी होती. माशांचं शास्त्र मला काय सांगता येणार! म्हणून मी नावांवर बोलले. ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यात कर्नल साइक्स नावाचे अधिकारी होते. दख्खनच्या नद्यांतल्या माशांची वर्णनं त्यांनी 1839 च्या सुमारास प्रसिद्ध केली. त्यांनी दिलेली कित्येक शास्त्रीय नावं इथल्या लोकांच्या तोंडची आहेत. आपल्या नद्यांतल्या महसीर माशाचं नाव ‘टोर खुद्री’. एक आहे ‘हिप्सेलोबार्बस कोलस’. दगडाला चिकटून शेवाळ खरवडणारा एक छोटा मासा आहे, त्याचं नाव ‘गारा मुल्या’. खुद्री, कोलस, मुल्या हे शब्द आज या माशांच्या शास्त्रीय नावांत आहेत.

मग मी दुसरं नाव सांगितलं. अंगावर वाघासारखे पट्टे असलेला, बोटाएवढा झेब्रा लोच परदेशातल्या टँकांतही हौसेने पाळतात. शास्त्रीय नाव ‘बोटिया स्ट्रियाटा’. तो सह्याद्रीच्या नद्यांतलाच, जगात इतरत्र नाही. त्याचं पहिलं वर्णन 1920 मध्ये तुंगा नदीतल्या माशांवरून केलं ते बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातले प्राध्यापक सी. आर. नारायण राव यांनी. ‘करंट सायन्स’ हे नियतकालिक 1932 मध्ये निघालं, त्याचे पहिले संपादक तेच. आज हा मासा धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत आहे. हे ऐकून एका कन्नड शाळेतल्या मुलाने ताठ बसून विचारलं, “म्हणजे हा आपला मासा?” होय बाळा, आपलाच.

पावसाळा ओसरल्यावर मंडळी आंबोलीला गेली. हिरण्यकेशीचं उगमस्थान आपल्या भागातल्या लोकांना नवं नाही. सहलीला आणि दर्शनाला आपण पिढ्यान् पिढ्या जातो. पण त्या देवळाच्या कुंडाच्या परिसरात एक अगदी लहान मासा राहतो आणि तो शास्त्राला 2020 पर्यंत माहीत नव्हता, हे आमच्यापैकी निम्म्यांना ठाऊक नव्हतं. त्याचं नाव ‘शिस्तुरा हिरण्यकेशी’ ठेवलं गेलं आणि 2021 मध्ये महाराष्ट्र सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. आम्ही जाळं नेलं नव्हतं, बाटलीही नाही. काठावर उकिडवं बसून, सावली पाण्यावर पडू न देता बघायचं, एवढाच कार्यक्रम होता. हेच पाणी पुढे आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत घटप्रभेला मिळतं. राकसकोपच्या धरणातून आपल्या नळाला येणारं पाणी मार्कंडेय नदीचं, आणि तीही गोकाकच्या बाजूला घटप्रभेलाच मिळते. म्हणजे या गावात कुणी तळ्यात किंवा ओढ्यात काही सोडलं तर ते कुठवर जाईल याचा नकाशा फार मोठा आहे.

आता मुख्य गोष्ट. मंडळातल्या एका घरातला मुलगा नोकरीनिमित्त बंगळूरला बिऱ्हाड हलवत होता. घरात चार फुटी टँक आणि त्यात एक सकर. दुकानात ‘काच साफ करणारा मासा’ म्हणून हा मिळतो. बोटाएवढा आणला होता, तो सहा वर्षांत हातभर झाला. टँक विकला गेला, पण सकर कुणी घेईना. घरातल्या अज्जींनी तोडगा काढला : येत्या एकादशीला किल्ल्याच्या तळ्यात सोडून येऊ. बैठकीत त्यांनी तो सगळ्यांसमोर मांडला आणि वर म्हणाल्या, “मीनिगे नीरे मनी. काचेत कोंडलात ते पाप, सोडलं तर पुण्य.”

वाचकहो, यावर पटकन काय उत्तर द्याल? अज्जींच्या बोलण्यात दया होती. जीव मोकळा करणं हे पुण्यच, असं आपण लहानपणापासून ऐकतो. त्यामुळे ‘तुम्हाला कळत नाही’ असं म्हणून भागणार नव्हतं.

काका म्हणाले, “अज्जी, तळ्यातली जलपर्णी बघितलीत ना? ती इथली नाही. दक्षिण अमेरिकेतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला शोभेचं फूल म्हणून बंगालमध्ये आली. कुणीतरी कौतुकाने लावली. आज ती काढायला यंत्रं लागतात.” सकरही दक्षिण अमेरिकेचाच. अंगावर चिलखतासारखे कडक खवले असल्याने इथले पक्षी-मासे त्याला सहसा खात नाहीत. घाण पाण्यात, कमी प्राणवायूत तो तग धरतो आणि काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतो. दगडावरचं शेवाळ तो खातो, आणि तेच आपल्या मुल्याचं अन्न. बंगाल, केरळ, आंध्र, तेलंगण या भागांतल्या पाण्यात तो आधीच पसरला आहे. 2020 मध्ये वाराणसीला गंगेत सापडला तेव्हा देशभर बातम्या झाल्या. मासेमाराच्या जाळ्यात आला की जाळं फाडतो आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. म्हणजे आपलं पुण्य दुसऱ्याच्या पोटावर.

इतक्यात एका मुलीने बरोबर अडवलं. “मग डासांसाठी विहिरीत गप्पी मासे सोडतात ते? ते पण बाहेरचेच ना?” प्रश्न खरा होता. गप्पीही दक्षिण अमेरिकेकडचा. त्याचाच भाऊबंद गंबुसिया 1928 मध्ये इटलीहून भारतात आणला, तोही डासांच्या अळ्या खाण्यासाठी. पण हेच मासे बेडकांची पिल्लं आणि इथल्या माशांची अंडीही खातात, म्हणून आज अनेक अभ्यासक त्यांना नदी-तळ्यात सोडायच्या विरोधात आहेत. सिमेंटच्या बंद हौदात गप्पी ठेवणं वेगळं आणि वाहत्या ओढ्यात सोडणं वेगळं, यावर आमच्या बैठकीचं एकमत झालं. पूर आला तर उघडा हौदही बंद राहत नाही, हे फिटरने लक्षात आणून दिलं. 2018 च्या महापुरात केरळात परदेशी मोठे मासे तलावांतून नद्यांत गेले. 2019 चा पूर तर आपण आपल्याच डोळ्यांनी बघितला. म्हणून अंगणात तळं करणाऱ्यांनी जाळी आणि उंच कठडा यांचा खर्च आधी धरावा.

अज्जी सगळं ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “बरं, सोडत नाही. पण मग ह्याचं पुढं काय? ते सांगा की.” आणि हा प्रश्न सर्वांत अवघड होता. ‘सोडू नका’ सांगणं सोपं. पण ज्याला ते सांगतो त्याला दुसरी वाट दाखवली नाही, तर तो रात्री गुपचूप पिशवी घेऊन तळ्यावर जाणारच.

त्या दिवशी ठरलं ते असं. फिटरच्या घरामागे पाण्याची जुनी सिमेंटची टाकी रिकामी होती. सगळ्यांनी वर्गणी काढून तिला फिल्टर आणि वर जाळी बसवली. नाव ठेवलं ‘माहेरची टाकी’. ज्याला मासा सांभाळणं जमत नाही त्याने तिथे आणून द्यायचा. का जमलं नाही, असं त्याला कुणी विचारायचं नाही. आजवर तिथे तो सकर, दोन मोठे गोल्डफिश आणि ‘शार्क’ म्हणून विकला जाणारा एक पंगास आलाय. पंगासची वाढ मीटरभराच्याही वर जाते, तो घरातल्या टँकचा मासाच नव्हे. टाकीला मर्यादा आहेच. दहा सकर आले तर अकरावा कुठे ठेवणार, याचं उत्तर अजून आमच्याकडे नाही. म्हणून नव्या माणसाला आता आम्ही आधी टाकी दाखवतो, मग दुकान. मुलगा बंगळूरला गेला. अज्जी शहापूरला लेकीकडे राहिल्या आणि महिन्यातून एकदा रिक्षाने येऊन सकरला काकडीची चकती घालून जातात. तो त्यांना ओळखतो, असं त्या म्हणतात. आम्ही वाद घालत नाही.

मासा घ्यायला जाणाऱ्यांनी दुकानात तीनच प्रश्न विचारावेत : हा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो? किती वर्षं जगतो? आणि नंतर नकोसा झाला तर परत घ्याल का? गोल्डफिश नीट सांभाळला तर दहा वर्षांच्या वर जगतो. म्हणजे आज पहिलीतल्या मुलाला घेतलेला मासा त्याच्या दहावीच्या निकालालाही घरात असू शकतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँकमध्ये काठोकाठ भरून पन्नास-पंचावन्न लिटर पाणी मावतं. एवढ्यात पाच-सहा छोटे गप्पी सुखाने राहतील, हातभर सकर नाही. गोल काचेच्या वाडग्यात तर कुणीच नाही. आणि आपल्याकडची डिसेंबरची रात्र चांगलीच गार असते. उष्ण पाण्यातले मासे पाळत असाल तर हीटर हवाच, लिटरला साधारण एक वॅट या हिशेबाने.

पुढच्या बैठकीचा विषय ‘वीज गेल्यावर काय’ हा आहे. बॅटरीवर चालणारा एअर पंप काका सगळ्यांसमोर जोडून दाखवणार आहेत. येताना मुलांना आणा, आजी-आजोबांना तर नक्की आणा. टँक नसला तरी चालेल. टँकमधली छाटलेली पाणवनस्पती देण्याघेण्यासाठी आणणार असाल तर ओल्या कागदात गुंडाळून आणा. उरलेली घरी नेऊन वाळवा आणि कुंडीत खत म्हणून घाला. गटारात किंवा ओढ्यात तेवढी टाकू नका.