घाम वाळू द्या, तहान मारू नका



एप्रिल उजाडला की कल्याणच्या पुढे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात दुपारी घराबाहेर पडणे नकोसे होते. बदलापूरचा पारा चाळिशी ओलांडल्याची बातमी आता दर उन्हाळ्याची झाली आहे. ज्यांचे घर किंवा कारखाना पत्र्याखाली आहे, त्यांना तर घरात बसूनही सुटका नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या ओळखीच्या एका बाजींना मुतखड्याचा त्रास झाला. त्या उल्हासनगरच्या एका लहान कारखान्यात जीन्स शिवतात. दिवसभर डोक्यावर पत्रा आणि शेजारी इस्त्रीची वाफ. "पाणी किती पिता?" असे डॉक्टरांनी विचारले, तेव्हा म्हणाल्या, "सकाळी निघताना एक पेला, मग संध्याकाळी घरी आल्यावर. तिथे बायकांसाठी संडासच नाही. आणि घाम एवढा येतो की अंगातली घाण त्यातूनच निघून जाते. लघवी कमी झाली तर काय बिघडले?"

असे समजणाऱ्या त्या एकट्या नाहीत. म्हणून आज घामाचे खरे काम काय, ते पाहू.

आपले शरीर आतून सुमारे ३७ अंशांवर राहायला हवे. काम करताना स्नायू उष्णता तयार करतात, बाहेरून ऊन तापवते. शरीर तापू लागले की मेंदू त्वचेला हुकूम देतो आणि त्वचेतल्या २० ते ४० लाख घामग्रंथी पाणी बाहेर सोडतात. मात्र नुसता घाम आल्याने अंग गार होत नाही. तो वाळताना त्वचेची उष्णता घेऊन जातो, तेव्हा अंग गार होते. एक लिटर घाम अंगावरच पूर्ण वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. एवढ्या उष्णतेत सात लिटर पाणी उकळीला येईल!

घरातला माठ आठवा. त्याच्या अंगातून पाणी पाझरते, वाऱ्याने वाळते, म्हणून आतले पाणी गार होते. पावसाळ्यात हवा दमट असते, पाझरलेले पाणी वाळत नाही आणि माठ तितकासा गार करत नाही. आपल्या अंगाचेही तसेच आहे. दमट हवेत घाम टपटप गळतो, कपडे भिजतात, पण अंग तापलेलेच राहते. शरीरातले पाणी गेले ते गेलेच, गारवा मात्र मिळाला नाही.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो लोक तासन्‌तास उन्हात बसले होते. त्या दिवशी पारा ३८ अंशांच्या आसपास होता, तरी उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. विदर्भातल्या माणसाला ३८ हा आकडा मोठा वाटणार नाही. पण खाडीकाठची दमट हवा, डोक्यावर सावली नाही आणि भोवती दाट गर्दी असेल, तर तेवढा पाराही जिवावर बेतू शकतो.

याच्या उलट मक्का शरीफची हवा कोरडी. तिथे घाम येताच वाळतो, अंगाला ओल जाणवत नाही, त्यामुळे शरीरातून किती पाणी गेले हे कळतच नाही. २०२४ च्या हजमध्ये तिथले तापमान ५० अंशांवर गेले आणि तेराशेहून अधिक हाजी मरण पावले. आपल्या घरातले कोणी जाणार असेल, तर छत्री आणि पाण्याची बाटली सामानात सर्वांत वर ठेवा.

आता घाणीचा प्रश्न. घामात ९९ टक्के पाणी असते. उरलेले बहुतेक मीठ, आणि युरियासारखे टाकाऊ पदार्थ अगदी थोडे. काळ्या बुरख्यावर पाठीशी जे पांढरे डाग उमटतात, ते मिठाचेच. रक्तातली घाण काढण्याचे खरे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. मूत्रपिंडे दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातून दीड-दोन लिटर लघवी तयार होते. हे काम घाम करू शकत नाही. उलट घाम जास्त गेला आणि पाणी प्यायले नाही, तर मूत्रपिंडे पाणी राखून ठेवतात. लघवी दाट, गडद पिवळी होते, खडे धरू लागतात, जळजळ आणि जंतुसंसर्ग होतो. बाजींचे हेच झाले.

तेव्हा काय करावे? कामावर दर वीस-तीस मिनिटांनी थोडे थोडे पाणी प्या, तहानेची वाट पाहू नका. लघवी फिकट पिवळी राहिली, तर पाणी पुरेसे आहे असे समजा. फार घाम गेला असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून प्या. रक्तदाब, मधुमेह, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी पाण्याचे आणि मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. बुरख्याखाली सैल, सुती कपडे घाला. घरी आल्यावर ओल्या अंगावर पंख्याचा वारा घ्या. घरातल्या बुजुर्गांना तहान कमी जाणवते, त्यांच्या हातात पेला आपणच द्यावा.

उन्हातला माणूस बरळू लागला, भोवळ येऊन पडला, तर तो उष्माघात समजा. घाम येत असला तरी गाफील राहू नका. १०८ ला फोन करा, सावलीत न्या, अंगावर पाणी टाका, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

राहिला संडासाचा प्रश्न. १९४८ च्या कारखाना कायद्याने पिण्याचे पाणी आणि बायकांसाठी वेगळे स्वच्छतागृह बंधनकारक केले. पण मोजके कामगार असलेले लहान कारखाने बहुधा त्या कायद्याच्या बाहेरच राहिले. अशा ठिकाणी एकटीने बोलण्यापेक्षा चौघींनी मिळून मालकाशी बोलावे. आमच्या बाजींनी तेच केले. आता शेजारच्या घरातले स्वच्छतागृह वापरायची सोय झाली आहे, आणि मशीनशेजारी त्यांची पाण्याची बाटली उभी असते.