बाळाच्या हक्काचे सहा महिने कुणी खाल्ले?

गेल्या पावसाळ्यात खेड तालुक्यातल्या एका बौद्धवाडीत आम्ही नामकरण विधीला गेलो होतो. त्रिसरण-पंचशील झाले, बाळाचे नाव ठेवले, खीर वाटली. भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब. नातवाला मांडीवर घेऊन बसलेली आजी कौतुकाने सांगू लागली, "पहिले दोन दिवस मधाचं बोट लावलं हो दादा. आईचा चीक जड असतो, तो पिळून टाकायला लावला."

आम्ही गप्प झालो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातून देव गेले, नवस गेले. पण बाळंतिणीच्या खोलीतला हा जुना समज मात्र उंबऱ्याच्या आतच राहिला. बाळंतीण विटाळलेली, तिचे पहिले दूध अशुद्ध, ही शिकवण आपल्याला कुणी दिली? अनेक गावांतल्या बाळंतपणात नाळ कापायला अस्पृश्य समाजातल्या सुइणी लागत. कारण ते काम विटाळाचे मानले होते. त्याच विटाळाच्या कल्पनेने आमच्याच लेकरांच्या तोंडचा पहिला घास काढावा?

गंमत अशी की गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस करून आपण बोटे चाटत खातो. वासराने प्यायलाच पाहिजे म्हणून थोडा त्याच्यासाठीही ठेवतो. माणसाच्या पोराचा चीक मात्र मोरीत!

तो घट्ट पिवळा चीक चमचाभरच असतो आणि पहिल्या दिवशी बाळाच्या पोटाला तेवढाच पुरतो. रोगाशी लढणारी द्रव्ये त्यात ठासून भरलेली असतात. बाळाची पहिली काळी चिकट शी बाहेर पडायलाही त्याची मदत होते. मधाने यातले काही होत नाही. उलट वर्षाच्या आतल्या मुलाला मध घातक ठरू शकतो. जन्मल्याबरोबर बाळाला पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवले की ते तिच्या उबेने गरम राहते, वासाने स्तन शोधते, चोखू लागते. त्या चोखण्यानेच दूध उतरते आणि आईचा रक्तस्राव आटोक्यात यायलाही मदत होते. मायलेकराची ओळख इथे होते. ती पाळण्यापाशी गीत म्हणून होत नाही.

पण सगळा दोष आजीच्या माथी मारणे आम्हाला मान्य नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातली सुमारे 89 टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली. जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळालेली बाळे मात्र जेमतेम 42 टक्के. म्हणजे आजी बाहेर बाकावर बसलेली असताना आतच कुणीतरी बाळ उचलून बाजूला ठेवते. त्या पांढऱ्या कपड्यांना जाब कोण विचारणार?

आजी बोलत होती तेव्हा सून दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "आशाताई सांगून गेल्या, सहा महिने अंगावरच पाज, पाणीसुद्धा देऊ नको. पण मी दोन महिन्यांत कामावर जाणार. ठेकेदार कुणासाठी थांबतो?" नवरा मुंबईला, महिन्याला येईल तेवढा पैसा. सहा महिन्यांचा उपदेश या माउलीने कुठे ठेवायचा?

इथे आम्हाला शेजारच्याच दापोली तालुक्यातल्या वणंदची लेक, माता रमाई आठवते. तिची चार लेकरे गेली. धाकटा राजरत्न 1926 मध्ये गेला. त्यानंतर दोनच वर्षांनी, जुलै 1928 मध्ये, मुंबई कायदेमंडळात गिरणी-कारखान्यांतल्या स्त्रियांच्या प्रसूती भत्त्याचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा आणि तिच्या श्रमावर नफा मिळवणाऱ्या मालकालाही मोकळे सोडू नये, असे त्यांनी मांडले. 1929 मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झाला.

पुढे 1961 चा देशव्यापी कायदा आला. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळाली. आता ती सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. डॉक्टरांचे सहा महिने आणि कायद्याचे 26 आठवडे, हिशेब अगदी जुळतो. जुळत नाही तो आमच्या सुनेच्या बाबतीत. 80 दिवस काम केल्याचा कागद लागतो आणि कागद ठेकेदाराच्या कपाटात. भात लावणाऱ्या, काजू फोडणाऱ्या, घरकाम करणाऱ्या बाईला तर मालकच कागदावर नाही.

मग सरकारने भार उचलावा, हा बाबासाहेबांचा शब्द तरी पाळला गेला का? 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला किमान 6000 रुपये लिहिलेले आहेत. मातृवंदना योजनेत मिळतात पहिल्या बाळासाठी 5000; दुसरे बाळ मुलगी असेल तरच 6000. पाच हजार 26 आठवड्यांवर वाटून पाहा. दिवसाला साडेसत्तावीस रुपये! एवढ्यात कुठली मजुरी भरून निघते? तामिळनाडूत पोषणाच्या साहित्यासह 18,000 रुपयांची योजना चालते. शाहू-फुले-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्राला ते का जमू नये?

आणि ज्या आईला खरोखर दूधच येत नाही, तिला कुणी नावे ठेवू नयेत. मुंबईच्या शीव रुग्णालयात 1989 पासून मातृदुग्ध पेढी आहे. एका आईचे दूध दुसरीच्या बाळाला जाते. तिथे कुणी जात विचारत नाही.

जयंतीच्या मिरवणुकीवर वाडीवाडीत हजारो रुपये खर्च होतात. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण आमच्या किती मंडळांनी, किती महिला शाखांनी कामावर जाणाऱ्या बाईच्या हजेरीचा कागद मागितला? दूध वाटीत काढून ठेवून बोंडल्याने पाजता येते, हे किती विहारांत सांगितले गेले?

निघताना आजी म्हणाली, "आता सांगून काय उपयोग, चीक तर गेला." मग थोडे थांबून तिनेच सांगितले, धाकट्या सुनेचे दिवस भरत आले आहेत, पुढच्या महिन्यात कळंबणीच्या सरकारी दवाखान्यात न्यायचे आहे. आम्ही पायातल्या चपला काढून पुन्हा आत जाऊन बसलो.