लवकर निघून जाणारं औषध

प्रोटीन डिझाइनवरचं काहीही वाचा, एक तक्रार हमखास सापडते. ही चिमुकली प्रोटीनं शरीरात टिकत नाहीत, मूत्रपिंडं ती काही तासांत गाळून टाकतात. मग त्यांना शेपूट लावा, मोठ्या प्रोटीनला बांधा, कसाही मुक्काम वाढवा. मला हे सरसकट पटत नाही.

आयएल-६ हा पेशींचा धोक्याचा निरोप. तो आधी आपल्या रिसेप्टरला चिकटतो, मग ही जोडी जीपी१३० नावाचं प्रोटीन धरते, आणि तेव्हा कुठे पेशीच्या आत घंटा वाजते. ती थांबेनाशी झाली की शरीर स्वतःलाच भाजून काढतं. उपाय? सॉकेटमध्ये असं काहीतरी खुपसायचं जे घट्ट बसेल पण घंटा वाजवणार नाही. टोसिलिझुमॅब हेच करतं, पण ती पडली अख्खी अँटीबॉडी. एप्रिल २०२१ मध्ये पुण्या-मुंबईत त्या इंजेक्शनसाठी झालेली वणवण आठवत असेलच.

सिएटलच्या डेव्हिड बेकर यांच्या गटाने (हो, २०२४ चं रसायनशास्त्राचं अर्धं नोबेल मिळालेले तेच) त्याच वर्षी आयएल-६ चा रिसेप्टर, जीपी१३० आणि आयएल-१ चा रिसेप्टर अडवणारी बुटकी प्रोटीनं प्रसिद्ध केली. सगळी संगणकावर आखलेली. अशी प्रोटीनं ई. कोलाय जिवाणूंकडून करून घेता येतात. अँटीबॉडीला सस्तन प्राण्यांच्या पेशींची महागडी शेती लागते.

आता मुद्दा. यकृत सीआरपी बनवतं ते मुख्यतः आयएल-६ च्याच सांगण्यावरून. निरोप तोडला की सीआरपी खाली, तापही दबलेला. आत जंतुसंसर्ग सुरू झाला तरी रिपोर्ट झकास! आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर फार आरडाओरडा करतो म्हणून लॉगिंगच बंद केलं :) आणि टोसिलिझुमॅब एकदा टोचलं की परत काढून घेता येत नाही, आठवडा-दोन आठवडे रेंगाळतं. आपल्याकडे कितीतरी जणांच्या अंगात क्षयाचे जंतू झोपलेले असतात, तिथे हा खेळ नव्हे.

उलट अनाकिन्रा पाहा. १५३ अमिनो आम्लांचं छोटं प्रोटीन, आयएल-१ चा रिसेप्टर अडवणारं, अमेरिकेत २००१ पासून मंजूर. रक्तातलं प्रमाण चार-सहा तासांत निम्मं होतं. संधिवाताच्या माणसाला त्यापायी रोज सुई, तो छळच. पण आयसीयूतल्या वादळात? शंका आली, थांबवा, उद्यापर्यंत बहुतेक गेलेलं असेल. असं बटण हातात असणं ही माझ्या मते उणीव नाही. म्हणून नव्या प्रोटीनांची बिनशेपटाची आवृत्तीही चाचण्यांपर्यंत न्यायला हवी, दीर्घायुषी भावंडांच्या गर्दीत ती फाइलबंद होऊ नये.

एक अडचण आहेच. अशा वादळात मूत्रपिंडंच बसली तर छोटं प्रोटीनही मुक्काम ठोकतं. अनाकिन्रा तेव्हा दिवसाआड देण्याचा विचार करतात. नव्यांसाठीही तसं कोष्टक लागेल, आणि ते संगणकावर नाही, रुग्णांच्या खाटेशीच तयार होईल.