दान केले, पण ठराव कुठे?

नागपूरहून साकोली, कोहमारा, देवरी असा रायपूरकडे जाणारा महामार्ग आम्हा गोंदिया जिल्ह्यातल्या लोकांच्या रोजच्या ओळखीचा. एरवी त्यावर मालमोटारी धावतात. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत त्यावरून माणसे चालत होती. २५ मार्चपासून टाळेबंदी लागली, कामे थांबली आणि छत्तीसगड, झारखंड, ओडिशाकडची मजूर कुटुंबे डोक्यावर बोचकी अन् कडेवर लेकरे घेऊन घरी निघाली. धानाच्या जिल्ह्यातून माणूस उपाशी जावा, हे कुणालाच बघवेना. गावोगावी चुली पेटल्या.

आमच्या छोट्या वाचनालयानेही चूल पेटवली. मी तिथला खजिनदार. अध्यक्षांचा फोन आला, "इमारत निधीतून थोडे पैसे काढू या का?" मी लगेच 'हो' म्हणालो. भात-वरण शिजले, माणसे जेवून पुढे गेली. आम्हालाही बरे वाटले.

पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत अध्यक्ष गेले. त्यानंतर हिशेब तपासनीस आले आणि त्यांनी साधाच प्रश्न विचारला, "तुमच्या घटनेतला उद्देश वाचनाचा. मग हा तांदूळ कुठे बसवू? आणि ठराव कुठे आहे?"

ठराव नव्हता. जमावबंदीत सभा भरणार कशी? तांदूळ रोखीने घेतलेला. काही पावत्या होत्या, काही नव्हत्या. फोनवरच्या त्या निर्णयाला साक्षीदार दोनच, आणि त्यांतला एक आता या जगात नव्हता. प्रथम राग आला. आपण काय चोरी केली? पण रात्री विचार करता पटले, की तपासनीस आपले काम चोख करीत होते.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० चा. संस्थेचा पैसा तिच्या उद्देशाबाहेर खर्च झाला आहे काय, हे तपासनिसाला अहवालात लिहावेच लागते. कारण तो पैसा कार्यकारिणीचा नसतो. इमारतीसाठी म्हणून ज्यांनी दिला, त्यांच्या विश्वासाचा असतो. यातून मोठी देवस्थानेही सुटली नाहीत. मुंबईच्या सिद्धिविनायक न्यासाने मुख्यमंत्री सहायता निधीला आणि शिवभोजन योजनेसाठी दिलेल्या रकमांनाही २०२० साली उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. हेतू चांगला असला तरी अधिकार होता का, हा प्रश्न उरतोच.

मात्र नाण्याला दुसरी बाजूही आहे. त्याच काळात निती आयोगाने ९२ हजारांवर स्वयंसेवी संस्थांना पत्र लिहून मदतीचे आवाहन केले. सर्वोच्च न्यायालयाने दावे-अपिलांची मुदत १५ मार्च २०२० पासून वाढवून दिली. कंपन्यांना दूरदृश्य पद्धतीने सर्वसाधारण सभा घेण्याची मुभा एप्रिलमध्येच मिळाली. सप्टेंबरमध्ये मात्र परकीय देणग्यांचा कायदा कडक झाला. परदेशातून आलेला पैसा एका संस्थेने दुसरीला देण्यावर बंदी आली आणि त्यातून करावयाच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. शहरातल्या मोठ्या संस्थेच्या आधाराने खेड्यात काम करणाऱ्यांना याचा फटका बसणारच होता. आणि आमच्यासारख्या वाचनालयापर्यंत, 'काय करावे, काय करू नये' हे सांगणारे सोप्या मराठीतले एक पानही पोहोचले नाही.

ते पान कोणी द्यावे? साथरोगांचा कायदा १८९७ चा, प्लेगच्या धास्तीतून जन्मलेला. तो सरकारला अधिकार देतो. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा मात्र आणखी एक गोष्ट सांगतो: तळागाळात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांचा सहभाग वाढवणे हे जिल्हा प्राधिकरणाचे काम आहे. सहभाग हवा तर मार्गदर्शनही हवे. जिल्हाधिकारी आणि धर्मादाय कार्यालयाने मिळून असे एक पान आजच तयार करून तालुक्यातालुक्यांत वाटावे. साथ आल्यावर ते वाटायला कुणालाच सवड नसते.

आणि आपणही हात बांधून बसू नये. संस्थेच्या उद्देशांत 'आपत्तीत साहाय्य' हा मुद्दा रीतसर दुरुस्ती करून घालावा. तातडीचा निर्णय फोनवर घेता यावा, असा नियम घटनेत करावा. त्याच दिवशी तो वहीत लिहावा आणि पुढच्या सभेत कायम करावा. विशिष्ट कामासाठी मिळालेल्या निधीला हात न लावता मदतीचे खाते वेगळे ठेवावे. नोंदणी नसलेल्या मंडळांनी वर्गणी गोळा करण्यापूर्वी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी. विश्वस्त निवर्तल्यास ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा, आणि बँकेत सहीला एकापेक्षा अधिक माणसे असावीत. अध्यक्ष गेल्यावर त्यांच्या सहीवाचून आमचे खाते कित्येक दिवस अडून पडले होते.

आमचे पुढे काय झाले? आम्ही चौघांनी आपापल्या खिशातून इमारत निधी भरून काढला. पैशाचे दुःख नाही. परवा सभेत एक तरुण सदस्य मात्र म्हणाला, "काका, पुन्हा तशी वेळ आली तर आपण नकोच पडू या." ते वाक्य मला त्या शेऱ्यापेक्षा जास्त लागले.

पुन्हा तशी वेळ आली, तर चूल पेटलीच पाहिजे. फक्त शेजारी ठरावाची वही उघडी असावी.