गाळाच्या धरणांना वाली कोण?

शहापूर तालुक्यातील तानसा धरण 1892 साली पूर्ण झाले आणि आजही ते मुंबईला पाणी पुरवीत आहे. मुरबाडकडील बारवी धरणाची निगा औद्योगिक विकास महामंडळ राखते, कारण तेथील पाणी कारखान्यांना व शहरांना विकले जाते. ज्या धरणापासून उत्पन्न मिळते, त्याच्या देखभालीचा खर्च कोणीतरी उचलतो, हा याचा अर्थ होय.

खाणींच्या गाळाची धरणे नेमकी याच्या उलट आहेत. खनिज वेगळे केल्यावर उरणारा पाणीमिश्रित गाळ बांध घालून साठविला जातो. पाण्याचे धरण बहुधा पुरते बांधून मग भरतात. गाळाचा बांध मात्र साठा वाढेल तसतसा चढवीत नेतात आणि खर्च वाचविण्यासाठी पुष्कळदा साचलेल्या गाळावरच नवा थर रचतात. असा पाण्याने भिजलेला गाळ एकाएकी द्रवासारखा वाहू लागू शकतो. ब्राझीलमधील ब्रुमाजिन्यो येथे 25 जानेवारी 2019 रोजी लोहखाणीचा बांध कोसळून 270 माणसे प्राणास मुकली. त्यात गाळ टाकणे 2016 मध्येच थांबले होते. स्थैर्याचा दाखलाही काही महिन्यांपूर्वीच मिळाला होता.

हे संकट परदेशापुरते नाही. औष्णिक वीजकेंद्रांची ओली राखही अशाच बांधांमागे साठविली जाते. जुलै 2022 मधील अतिवृष्टीत नागपूरजवळील खसाळा येथील राखेचा बांध फुटला आणि राख शेतांत व ओढ्यानाल्यांत पसरली. गोव्यात सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. तेथील उत्पन्न थांबले. गाळाचे तलाव मात्र जागीच राहिले.

कायद्याची स्थिती काय? 2021 चा धरण सुरक्षा कायदा नद्यांवर पाणी अडविण्यासाठी वा वळविण्यासाठी बांधलेल्या धरणांपुरता आहे. गाळ वा राख अडविणारा बांध त्या व्याख्येत बसत नाही. खाण बंद करतानाच्या कामांसाठी मालकाकडून हमी घेतली जाते खरी. पण ती वापरलेल्या जमिनीच्या हेक्टरी दराने ठरते. बांधाची उंची, त्यामागील साठा आणि खालच्या अंगाची वस्ती यांचा त्या हिशेबात विचार नाही.

खाणीचा नफा ती चालू असेपर्यंतच असतो. धोका मात्र त्यानंतरही उरतो. म्हणूनच देखरेखीचा खर्च उत्पादनाच्या प्रत्येक टनामागे आधीच वसूल करून स्वतंत्र निधीत ठेवला पाहिजे आणि हे बांध धरण सुरक्षेच्या कायद्याखाली आणले पाहिजेत. अन्यथा नफा मालकाचा आणि गाळ गावाचा, हीच वाटणी कायम राहील.