रेग्युलेटर कोण बंद करणार?

सहरीसाठी सर्वांत आधी अम्मी उठते आणि अंधारात दिव्याचे बटण दाबते. बंद स्वयंपाकघरात रात्रभर गॅस गळला असेल, तर तेवढी ठिणगी पुरते. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, दारही उघडावे लागते. वास आला की दिवा, पंखा, एक्झॉस्ट कशालाही हात लावायचा नाही. रेग्युलेटर बंद करून बाहेर यायचे, मग १९०६ ला फोन.

रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते. मोबाइलचे कव्हर आपण दर सहा महिन्यांनी बदलतो, मग नळी अम्मीच्याच भरवशावर का? माझ्या मते रात्री रेग्युलेटर बंद करणे हे शेवटी झोपणाऱ्याचे काम. आणि मोबाइल घेऊन उशिरापर्यंत जागतो कोण, हे घरात सर्वांना ठाऊक आहे.